सात नंबरच्या टेबलावरची जांभळं

गौतमी नलवडे टीव्हीवर झळकली त्याला दोन महिने होऊन गेले, तरी राधानगरीच्या बाजारात भाजी घेताना कुणी ना कुणी ओळखायचंच. "अहो, त्या विसरणाऱ्या झाडांच्या बाई ना तुम्ही?" ती हो म्हणायची आणि पिशवी उचलून चालू लागायची. प्रसिद्धीचं हे असंच असतं. माणूस बारा वर्षं एखाद्या कामात स्वतःला घासून घेतो, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. कॅमेऱ्यासमोर सुटलेलं एक वाक्य मात्र गावभर होतं. गौतमीचं वाक्य होतं, "विसरता येणं हा दुबळेपणा नाही, ती ताकद आहे." मुलाखत घेणाऱ्या मुलीनं ते तिला दोनदा म्हणायला लावलं होतं. दुसऱ्या वेळी तर गौतमी छान हसलीही होती.

ते वाक्य साफ चुकीचं होतं. पण त्या वेळी तिला ते ठाऊक नव्हतं, आणि मला वाटतं, तिला ते खरं असायला हवं होतं.

भैरीचा सडा म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचं मैलभर लांबीचं पठार. खाणवाल्यांनी वीस वर्षं त्याची साल सोलली आणि गाशा गुंडाळून गेले. खाली उरला नुसता तांबडा कातळ. या गोष्टीतले उन्हाळे तुमच्या-माझ्या उन्हाळ्यांपेक्षा दोन-तीन अंशांनी कडक आहेत, आणि पाऊस येतो तो एकदम धो धो येऊन निघून जातो. अशा ठिकाणी पुन्हा जंगल उभं करायचं ठरलं. सड्याच्या पायथ्याशी रोपवाटिका निघाली, तिचे प्रमुख झाले ओगलेसर, आणि झाडाच्या शरीरात काय चालतं हे तपासायला आली गौतमी.

आता थोडं शास्त्र सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. कंटाळू नका, लांबवत नाही.

बुरशी म्हटलं की आपल्याला शिळ्या भाकरीवरची आठवते. ही तसली नव्हे. ही मातीत राहते, केसाहून बारीक धाग्यांची, आणि झाडाच्या मुळात शिरून संसार थाटते. जिथवर मूळ पोचत नाही तिथवर तिचे धागे पोचतात. तिथून पाणी आणतात, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणतात आणि झाडाला देतात. बदल्यात झाड तिला साखर देतं. पानांनी दिवसभर उन्हात बसून जी साखर केली, तिचा पाचवा हिस्सासुद्धा कधीकधी या सोबत्याला जातो. दोघांचं कूळ एक नाही, जात एक नाही, पण एकमेकांवाचून चालत नाही. जंगल जंगल आपण म्हणतो ते निम्मं जमिनीखालच्या या व्यवहारावर उभं असतं.

हा व्यवहार तपासायची एक जुनी युक्ती आहे. रोप चार पानांचं झालं की त्याच्या सोटमुळाचं टोक ब्लेडनं अलगद खुडायचं. मग बाजूची मुळं फुटतात. ती मुळं भांग पाडावा तशी दोन बाजूंना करायची आणि शेजारीशेजारी चिकटवलेल्या दोन कुंड्यांत सोडायची. वर शेंडा एक, पानं तीच, आणि खाली मात्र दोन घरं. एका कुंडीत काहीही करा, दुसरी तशीच ठेवा. झाड दोन्हीकडं वेगळं वागलं तर तो फरक मातीचा, झाडाचा नव्हे, हे पक्कं कळतं. रोपवाटिकेत याला जोडकुंडी म्हणत.

युक्ती जुनी, पण चिमटा नवा. मुळं जिथून दोन वाटांना लागतात तिथं दोन बाजूंना दोन बारीक चिमटे लावायचे, डावीकडं निळा, उजवीकडं पिवळा. कुठल्या कुंडीत किती साखर उतरते आहे ते दर मिनिटाला पडद्यावर दिसतं. झाडाला न उपटता, न कापता त्याच्या मनातलं कळायला लागलं म्हणा ना.

गौतमीनं जांभळाची रोपं घेतली. दोन्ही कुंड्यांत जंगलातली बुरशी घातली, तिचा दोन्हीकडं जम बसू दिला, आणि मग प्रत्येक जोडीतल्या उजव्या कुंडीत स्वतःच्या हातानं औषध सोडलं. जांभळ्या रंगाचं औषध. त्यानं बुरशी मरते, मूळ मरत नाही. प्रश्न एवढाच होता, की सोबती गेल्यावर झाड त्या बाजूला साखर धाडायचं कधी थांबवतं?

बहुतेक रोपं दहा-बारा दिवसांत थांबली. काही मात्र थांबेचनात. मेलेल्या बाजूला आधीपेक्षा जास्तच साखर ओतत राहिली, महिना झाला तरी. कामावरच्या बायकांनी त्यांचं नाव ठेवलं 'वाट बघणारी'. अहवालात असलं नाव शोभत नाही, म्हणून ओगलेसरांनी 'विलंबित' असं केलं. आणि सात नंबरच्या टेबलावर तर कमालच झाली. तिथल्या एकशेवीसच्या एकशेवीस रोपांनी तिसऱ्याच दिवशी मेलेल्या कुंडीकडं पाठ फिरवली आणि सगळी साखर जिवंत बाजूला वळवली. ही सगळी एकाच घळीतल्या जांभळांच्या बियांची होती.

सड्यावर जंगली बुरशी नाही. तिथं रोपाबरोबर पाकिटातली, कारखान्यात वाढवलेली बुरशी द्यायची. मग जुन्या सोबत्याला जे झाड पटकन विसरेल तेच नव्याला जवळ करील, असा सरळ हिशेब होता. घळीतल्या बिया पोत्यांनी गोळा झाल्या, रोपं सड्यावर लागली, दोन उन्हाळे गेले. बाकीच्या वाणांची रोपं निम्मीअधिक करपली आणि घळीतली हिरवीगार उभी राहिली. सगळं कसं चपखल बसलं! घळीतल्या वाणाला पुन्हा चिमटा लावून बघावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. एकशेवीसपैकी एकशेवीस म्हटल्यावर काय बघायचं?

बाकीच्या वाणांतून चिमटा लावून निवडलेली एकोणीस हजार वाट बघणारी रोपं रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला पडून होती. येत्या सोमवारी ती यंत्रात घालून त्यांचं खत करायचं ठरलं होतं.

हे झालं झाडांचं.

गौतमीचा नवरा विश्वजित धरणावर इंजिनियर होता. त्याची पहिली बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी ऋजुता अडीच वर्षांची होती, आणि गौतमी त्या घरात आली तेव्हा चार वर्षांची. "मला आई आहे," त्या चार वर्षांच्या बयेनं भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवून पहिल्याच दिवशी बजावलं. गौतमी म्हणाली, "बरं. मग मला काय म्हणशील?" पोरीनं विचार केला आणि म्हणाली, "गौती." तेव्हापासून गौती. सात वर्षं गौतीनं तिचे केस विंचरले, तापात उशाशी बसली, तळ्यात पोटाखाली हात धरून पोहायला शिकवलं. दत्तकाचा कागद करायचा, करायचा म्हणता राहून गेला. घरात कुणाला त्याची गरज वाटली तर ना!

मग एका पावसाळ्यात घाटात दरड आली आणि विश्वजितची गाडी तिच्याखाली सापडली.

त्यानंतर कळलं की कायद्यानं गौतमी ऋजूची कुणीच नाही. ऋजूच्या आईचे आईवडील नागपूरचे, देवपुजारी. माणसं वाईट नव्हती, हे गौतमीही मान्य करायची. एकुलती एक लेक गेलेली, तिची म्हणून ही एवढी खूण उरलेली. कोर्टानं अकरा वर्षांची ऋजू त्यांच्या हवाली केली. "पोरीला दोन घरांत ओढू नका," आजी कोर्टाच्या जिन्यात म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना त्यांचेही डोळे भरले होते. गौतमीला मिळालं ते एवढंच, आठवड्यातून एकदा आवाजात निरोप पाठवायचा. मुलीला वाटलं तर ती उत्तर देईल. निरोप ऐकला की नाही हे सांगणारी खूण तिकडून बंद केलेली.

दर रविवारी पाच वाजता गौतमी निरोप पाठवायची. काय असायचं त्यात? काही नाही. माकडानं दोरीवरचा मोजा पळवला. शेजारच्या कांबळेकाकांनी मिशी काढली तर त्यांचा कुत्राच त्यांच्यावर भुंकला. आज कुळथाचं पिठलं केलं आणि खाली लागलं. अशी तीन वर्षं गेली, दीडशे रविवार गेले, आणि तिकडून एक अक्षर आलं नाही.

गौतमीची थोरली बहीण नीलम कोल्हापुरात असते. ती सुरुवातीला काही बोलली नाही, मग हळूहळू बोलायला लागली, आणि टीव्हीवरच्या मुलाखतीनंतर मात्र फोन करून थेटच म्हणाली, "गौतमी, जगाला शहाणपण शिकवतेस आणि स्वतः? तुझीच झाडं बघ ना. तिसऱ्या दिवशी मोकळी झाली. ती पोर तुझ्या पोटची नाही गं. तिला नकोयस तू. किती दिवस रिकाम्या कुंडीत पाणी घालत बसणार?"

गौतमीला राग आला नाही. लाज वाटली. स्वतःच्या हातानं 'विलंबित' असा शिक्का मारलेली एकोणीस हजार रोपं तिला आठवली. त्या रविवारी पाच वाजता तिनं फोन कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून घासले. पुढच्या रविवारी पंखे पुसले. तिसऱ्या रविवारी घासायला काही उरलं नाही, तेव्हा ती नुसती ओट्याला टेकून उभी राहिली आणि घड्याळात साडेपाच होईपर्यंत हलली नाही. असे नऊ रविवार झाले. सोपं होईल, सोपं होईल असं तिला वाटत होतं. कसलं सोपं आणि कसलं काय! जीव नुसता तुटत होता. पण ती नेटानं थांबली, कारण तिच्या मते हेच बरोबर होतं. तिचंच शास्त्र तसं सांगत होतं.

गुरुवारी ओगलेसरांनी तिला बोलावलं. सोमवारी मंत्री येणार होते. "सात नंबरची एक जुनी जोडी फोडा," ते म्हणाले, "आणि काचेच्या पेटीत बसवा. एका बाजूला भरघोस मूळ, दुसऱ्या बाजूला वाळलेलं. लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

सात नंबरच्या टेबलावरच्या त्या पहिल्या जोड्या जपून ठेवल्या होत्या. झाडं आता पुरुषभर झाली होती आणि कुंड्या तीन वर्षांत कुणी उघडल्या नव्हत्या. गौतमीनं करवतीनं कुंडीचा पत्रा कापला आणि उजव्या कुंडीची माती हळूहळू धुवायला घेतली. ही औषधाची कुंडी, म्हणजे इथं मूळ सुकलेलं असणार. तसं ते होतंही, बारकं, काटकुळं. मग तिनं डावी कुंडी फोडली. मुळांचा नुसता गुंता, बोट शिरेना, आणि भिंगाखाली धरलं तर मुळामुळातून बुरशीचे पांढरे धागे गच्च. झकास. काचेच्या पेटीत अगदी हेच हवं होतं.

ती हात धुवायला उठणार तेवढ्यात डाव्या कुंडीच्या तळच्या चिकणमातीत तिला एक पट्टा दिसला. जांभळा.

तिनं बोटानं चोळला. गेला नाही. औषधाचा रंग चिकणमातीला एकदा धरला की सुटत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं उजव्या कुंडीची सगळी माती परातीत पसरून पुन्हा पुन्हा पाहिली. तिथं जांभळ्याचा ठिपकादेखील नव्हता. मग तिनं दुसरी जोडी फोडली, तिसरी फोडली. चौथीही फोडली. सगळीकडं जांभळा रंग डावीकडं. औषध तर तिनं प्रत्येक वेळी उजवीकडं सोडलं होतं. दुसऱ्या कुणी नव्हे, तिनंच.

"हौसाक्का!" तिनं हाक मारली.

हौसाक्का गुरव रोपवाटिकेत सर्वांत जुन्या. साठी उलटलेली, कमरेत थोड्या वाकलेल्या, पण रोपाला हात लावला की रोप जगलंच. सात नंबरचं टेबल पहिल्यापासून त्यांच्याकडं होतं.

"हौसाक्का, या कुंड्या कुणी हलवल्या होत्या का? तीन वर्षांमागं, औषध सोडल्यावर?"

"हलवल्या? छ्या! माझ्या टेबलावरची कुंडी कोन हलवंल?" हौसाक्कांना अपमानच वाटला. "फिरवल्या तेवढ्या."

"फिरवल्या म्हणजे?"

"आता बघा! फिरवल्या म्हंजे फिरवल्या." त्यांनी हवेत हातानं अर्धा फेर काढून दाखवला. "दिवाळी झाली, ऊन दक्षिणंला कललं, की रोपाला एक अर्धा येढा द्यायाचा असतोय ताई. न्हाईतर एकाच अंगाला वाकतंय ते. माझी सासू द्यायाची, मीबी देतोय. तुमी त्या दिवशी कोर्टात नागपूरला गेलावता. मी म्हटलं, ताईंच्या डोक्याला आधीच घोर, ही येवढी रोपं आपन फिरवूया. एकशेवीस फिरवली दिवसभरात, ती तेवढी एकदाच. कंबर मोडून आली."

"आणि चिमटे?"

"चिमटं काढलं आनि परत लावलं की. तुमीच टेबलाच्या कडंला रंगवून ठिवलंय, निळा डावीकडं, पिवळा उजवीकडं. मला वाचाय येतं म्हटलं. एक सुदीक चुकवला न्हाई." मग गौतमीचं तोंड बघून त्यांचा आवाज उतरला. "काय इपरीत झालं व्हय ताई?"

गौतमी तिथंच उलट्या बादलीवर बसली. तिसऱ्या दिवशी कुंड्या फिरल्या, चिमटे नाही. निळा मेलेल्या कुंडीवर आला आणि पिवळा जिवंत कुंडीवर. पडद्यानं जी साखर जिवंत बाजूला जाताना दाखवली ती सगळी मेलेल्या बाजूला जात होती. एकशेवीसच्या एकशेवीस! बाकीच्या टेबलांवर शिकल्यासवरल्या मुली होत्या, त्यांना ऊन कलल्यावर रोप फिरवायचं असतं हे माहीतच नव्हतं, म्हणून तिथले आकडे खरे होते. सात नंबरचे तेवढे उलटे. दोन उन्हाळे काढून सड्यावर हिरवी उभी राहिलेली झाडं विसरणारी नव्हतीच. सगळी वाट बघणारी होती.

"तुमचं काही चुकलं नाही हौसाक्का," ती म्हणाली. "कुंडीवर खूण मी करायला हवी होती. मी टेबलावर केली."

ती संध्याकाळ आणि सबंध शुक्रवार तिनं भिंगावर मान मोडून काढला, आणि मग कोडं उलगडलं. औषधानं धागे मेले होते, पण बुरशीची बीजं फार चिवट असतात. चिखलात, कातळाच्या भेगेत, वर्षवर्ष निजून राहतात. मेलेल्यासारखीच दिसतात. त्यांना जाग येते ती एकाच गोष्टीनं, मुळातून झिरपणाऱ्या साखरेनं आणि तिच्यासोबत येणाऱ्या वासानं. ज्या झाडानं साखर बंद केली, त्याच्या दारात बीज पडलं तरी निजलेलंच राहतं. जे झाड महिनोन्‌महिने ओतत राहतं, त्याच्याकडं ते कधीतरी उठून येतं. सड्यावर पाकिटातली बुरशी पहिल्याच उन्हाळ्यात मेली होती. नंतर वाऱ्यानं, मुंग्यांनी, गुरांच्या खुरांनी जंगलातली बीजं जेव्हा सड्यावर आणली, तेव्हा घळीतली झाडं अजून साखर धाडतच होती. बाकीची आधीच थांबली होती, आणि थांबली म्हणूनच मेली.

शुक्रवारी संध्याकाळी ती ओगलेसरांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत ऐकत होते.

"झाडं जगली ना?" ते म्हणाले. "मग का जगली ते नंतर सावकाश बघू. मंत्री येऊन जाऊ देत."

"सर, सोमवारी यंत्रात जी एकोणीस हजार जाणार आहेत, तीच सड्यावर जगणारी आहेत."

सर म्हणजे हाडाचा झाडांचा माणूस; कितीही चिडला तरी जगणारं रोप यंत्रात घालू देईल कसा? त्यांनी फोन उचलला आणि सोमवारचं यंत्र रद्द केलं. मग चष्मा काढून म्हणाले, "पण टीव्हीवाल्यांना तुम्हीच सांगायचं, नलवडेबाई. नाचक्की व्हायची ती होऊ दे. वाक्य तुमचं होतं."

"सांगते," ती म्हणाली. "सोमवारी सांगते. त्याआधी मला दोन दिवस रजा हवी."

नाचक्कीचं तिला काही वाटत नव्हतं. तिच्या मनात नऊ रविवार होते. दीडशे रविवार तिनं ज्या दारात काही ना काही नेऊन ठेवलं, त्या दाराआड कोण जागं आहे आणि कोण निजलंय हे तिला कधीच कळलं नव्हतं. आणि तरी, मूर्खासारखी, एका उलट्या लावलेल्या चिमट्याच्या भरवशावर, ती थांबली होती. फोनवर निरोप पाठवून हे निस्तरण्यातलं नव्हतं. कोर्टाचा कागद काय म्हणतो ते तिला पाठ होतं, आणि तो मोडायला ती निघाली होती. आजींनी पोलीस बोलावले असते तरी तिची ना नव्हती.

रविवारी दुपारी नागपूरच्या गाडीतून उतरली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. देवपुजाऱ्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार आजींनी उघडलं. तीन वर्षांत बाई फार थकल्या होत्या.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "न कळवता?"

"कळवलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"हो, म्हणाले असते." त्यांनी दार लावून घेतलं नाही, आत या असंही म्हटलं नाही. मग अचानक, आवाज खाली आणून, जवळजवळ भांडल्यासारख्या बोलल्या, "तीन वर्षं पोरगी दर रविवारी पाचला गच्चीत जाऊन बसायची. ऊन असो, काही असो. आम्हाला वाटायचं, कधीतरी आपोआप सुटेल. आता दोन महिने झाले, गच्चीत जात नाही. नीट जेवत नाही. माझ्याशी धड बोलत नाही. हेच हवं होतं ना मला? मग आता मलाच का बघवत नाही?"

 

"कोण आहे गं आजी?" आतून आवाज आला, आणि पाठोपाठ ऋजू आली.

चौदा वर्षांची. उंची बापाची. केस कापून मानेपर्यंत आणलेले, हे गौतमीला कुणी सांगितलं नव्हतं. ती दाराच्या चौकटीत येऊन थबकली आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम बंद झालं.

"नऊ रविवार," ती म्हणाली.

"हो."

"आधी मला वाटलं तू आजारी आहेस. मग वाटलं, मेलीस. बाबासारखीच, आणि आम्हाला कुणी कळवणार नाही, कारण तू आमची कुणी नाहीस." ती अगदी सावकाश बोलत होती, पाठ केल्यासारखी. "मग टीव्हीवर ती मुलाखत परत लागली. तीच, मी आधी पाहिलेली. तू हसत होतीस. विसरता येणं ही ताकद आहे म्हणत होतीस. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती झाडांबद्दल वाटली होती."

"ऋजू, मी चुकीचं बोलले."

"झाडांबद्दल?"

"झाडांबद्दलही चुकीचं." जांभळा पट्टा, फिरलेल्या कुंड्या, निजलेली बीजं, सगळं गौतमीच्या ओठांवर आलं होतं. गाडीत चौदा वेळा तिनं ते मनात घोळवलं होतं. पण समोरच्या मुलीला झाडांचं काही ऐकायचं नव्हतं. "तुला मी नकोशी झालेय असं मला वाटलं. म्हणून थांबले. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. चुकलं माझं."

"मी कधी म्हटलं नकोयस?"

"नाही म्हटलंस."

"मग?" ऋजूचा आवाज फुटला आणि ती चौदाची आठ वर्षांची झाली. "मला उत्तर देता येत नव्हतं! दिलं असतं तर मी रडले असते, आणि मी रडले की आजी रडते, आजोबांचं बीपी वाढतं. मी नुसतं ऐकायचे. तेवढंच मला जमत होतं. तू बोलायचीस आणि मी ऐकायचे, मला वाटलं ते चाललंय आपलं. तुला कळत असेल असं वाटलं मला."

आजी पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. गौतमीनं पुढं होऊन हात केला, पण ऋजू एक पाऊल मागं सरली. गौतमीनं हात खाली घेतला. तो तसा रिकामा खाली घेणं फार जड गेलं तिला.

जिन्यात कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. ऋजूनं बाहीनं नाक पुसलं, दाराची कडी धरली आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "मी उत्तर देणार नाही. आत्ता तरी नाही. कधी देईन तेही माहीत नाही."

"बरं," गौतमी म्हणाली.

"पण तू पाठव."

"पाठवीन."

"मध्ये थांबायचं नाही."

"नाही थांबणार."

दार लागलं. गौतमी दोन जिने उतरली, आणि तिथंच पायरीवर बसली. खालून कुणी भाजीची पिशवी घेऊन येत होतं, त्याला तिनं सरकून वाट दिली. तो गेल्यावर तिनं फोन काढला. पाचाला चार मिनिटं होती. ती चार मिनिटं ती तशीच बसून राहिली आणि मग बोलायला लागली. "ऋजू, गौती बोलतेय. आज गाडीत माझ्यासमोर एक आजोबा होते, त्यांनी वर्ध्यापर्यंत सबंध डबाभर चकल्या एकट्यानं संपवल्या आणि मला एकदाही विचारलं नाही बघ."

वर गच्चीचं दार उघडल्याचा आवाज तिला आला असं वाटलं. खात्री नव्हती. ती बोलत राहिली.